खाऱ्या पाण्याचा हिशेब



पाणी आले की शेती फुलते, असे पुढारी सांगतात. त्यांनी एकदा खारपाणपट्ट्यात यावे. अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखाली पाणी आहे, पण खारे. विहीर भरलेली आणि शेती कोरडवाहू, असा हा मुलूख.

मीठ वनस्पतीचे काय करते, ते समुद्रातच पाहा. जपानमध्ये खाडीत जाळी बांधून खाण्याचे हिरवे शेवाळ पिकवतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे शेवाळ त्यात जगते, नदीच्या मुखाशी निमखाऱ्या पाण्यातही जगते. पण खारेपणा त्याला मानवतो त्यापेक्षा फार वाढला किंवा फार उतरला, की वाढ मंदावते. अंगातले पाणी आणि क्षार सांभाळण्यातच त्याची ताकद खर्ची पडते. खाऱ्या पाण्यातच वाढणाऱ्याची ही गत, तर आपल्या पिकांची काय?

कपाशी आणि ज्वारी तशी काटक पिके. मातीच्या अर्काची विद्युत वाहकता ७.७ होईपर्यंत कपाशी सोसते, ज्वारी ६.८ पर्यंत. त्यापुढे दर अंकाला कपाशीचे उत्पन्न सुमारे ५ टक्के घटते, ज्वारीचे सुमारे १६ टक्के. कृषी महाविद्यालयात आम्ही हे आकडे पाठ केले. पण नुसत्या या आकड्यांवर भरवसा ठेवून बोअरचे पाणी सोडणारा फसतो.

कारण आपल्या पाण्यात सोडियम आहे. काळ्या मातीत तो साचला की मातीचे कण सुटे होतात. ओली असता चिखल, वाळली की दगड. पाणी मुरत नाही, मुळाला हवा मिळत नाही. जमीन चोपण होते. एका हंगामाचे पीक वाचते आणि जमीन हातची जाते.

म्हणून पाणी तपासल्याशिवाय बोअरसाठी कर्ज काढू नका. तपासणीत सोडियम आणि बायकार्बोनेटही मागा. पावसाचे पाणी गोडे आहे. ते शेततळ्यात अडवा आणि खंड पडला तर एक पाळी द्या. चोपण जमिनीला जिप्सम घाला, पण निचऱ्याचे चर आधी काढा, म्हणजे पावसात सोडियम धुऊन जाईल.

यावर सरकार म्हणेल, अनुदान देऊ. आम्ही म्हणतो, कापसाला खर्च भरून निघेल असा भाव द्या. जिप्सम आम्ही आमच्या पैशाने आणू. तोवर पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या विहिरीच्या पाण्याची बाटली आणावी, वर गाव आणि गट नंबर लिहून. सगळ्या मिळून तपासणीला पाठवू.