इंग्रजी वाक्प्रचारांचे अर्थ : यादीकडून प्रसंगाकडे

पिंपळनेर हे धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचे, पांझरा नदीच्या काठचे बाजारपेठेचे गाव. परिसरात अहिराणी बोलली जाते. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात भिल्ल, कोकणा, मावची या समाजांच्या बोली आहेत, आणि गुजरातची सीमाही फार दूर नाही. अशा गावातील महाविद्यालयीन विद्यार्थी घरी एक भाषा बोलतो, मराठीच्या पाठ्यपुस्तकात दुसरी वाचतो आणि इंग्रजीच्या तासाला तिसरीला सामोरा जातो. या तिसऱ्या भाषेतील वाक्प्रचार त्याच्यापुढे बहुधा एका यादीच्या रूपाने येतात : डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे त्याचा मराठी 'अर्थ'. स्पर्धापरीक्षांच्या वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकांनी या यादीला आणखी प्रतिष्ठा दिली आहे. यादी पाठ झाली की वाक्प्रचार आले, असा समज शिक्षक व विद्यार्थी या दोघांचाही होतो. हा समज कितपत टिकणारा आहे, याचा विचार इंग्रजीच्या अध्यापकांइतकाच मराठीच्या अध्यापकांनीही करणे अगत्याचे आहे. कारण यादीची उजवी बाजू मराठीची आहे.

यादीतील काही नेहमीच्या नोंदी तपासल्या तरी अडचण ध्यानात येते. 'टू पुल समवन्स लेग' याचे शब्दशः मराठी 'पाय ओढणे' असे होते. मराठीत मात्र पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे. टोपलीतील खेकड्यांची सर्वपरिचित गोष्ट हाच अर्थ सांगते. इंग्रजी बोलण्यात त्या वाक्प्रचाराचा अर्थ निरुपद्रवी थट्टा करणे, फिरकी घेणे, एवढाच आहे. एकात वैर आहे, दुसऱ्यात सलगी आहे. भारतीयांच्या इंग्रजीत 'लेग-पुलिंग' हा शब्द पुष्कळदा राजकीय कुरघोडीसाठी वापरला जातो, त्यामागे देशी भाषांतील पाय ओढण्याचीच छाया असावी. म्हणजे भाषांतर कागदावर झाले नाही तरी ते मनात होतच असते.

मिठाचे उदाहरण याहून बोलके आहे. एखादी गोष्ट 'विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' घ्यावी असे इंग्रज म्हणतो, तेव्हा ऐकलेले सगळेच खरे धरू नये असे त्याला सुचवायचे असते. मराठीत सांगणारा तिखटमीठ लावून सांगतो. इंग्रजीत मीठ ऐकणाऱ्याच्या हाती आहे व ते विश्वास कमी करते. मराठीत ते सांगणाऱ्याच्या हाती आहे व ते गोष्ट वाढवते. शिवाय मराठी मिठाला 'मिठाला जागणे' या वाक्प्रचारातील इमानाची चव आहे. पदार्थ एकच, पण दोन समाजांनी त्याच्याभोवती रचलेला व्यवहार निराळा. 'चिमूटभर मिठासह घेणे' असे जे मराठी अधूनमधून छापले जाते, ते वाचून इंग्रजी न जाणणाऱ्या वाचकाच्या पदरी काहीच पडत नाही.

शब्दशः भाषांतर टाळून रूढ मराठी वाक्प्रचार समोर ठेवला, तरी प्रश्न संपतोच असे नाही. 'टू लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' यासमोर 'बिंग फोडणे' असे लिहिलेले आढळते. परंतु बिंग फुटते ते लबाडीचे. इंग्रजी वाक्प्रचार मात्र वाढदिवसाची गुप्त तयारी एखाद्याच्या तोंडून सहज निसटली, तरीही वापरला जातो. तेथे लबाडी नसते, क्वचित निर्भेळ कौतुकच असते. 'किक द बकेट' समोर 'मरणे' असे लिहिणारी यादी तर विद्यार्थ्याला थेट खड्ड्यात घालते. मराठीत निवर्तणे, देवाघरी जाणे, वारणे, मरणे, गचकणे ही क्रियापदे एकाच घटनेची आहेत. पण शेजारच्या वृद्ध गृहस्थाच्या निधनाची वार्ता सांगताना 'गचकले' असे कोणी म्हणणार नाही. 'किक द बकेट' हा या 'गचकणे'चा सोयरा आहे. यादी पाठ केलेल्या विद्यार्थ्याने तो सांत्वनपत्रात वापरला, तर तो दोष विद्यार्थ्याचा नव्हे. अर्थ त्याला सांगितला गेला होता. प्रसंग सांगितला गेला नव्हता. याउलट 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हा शालेय यादीचा लाडका वाक्प्रचार आजच्या इंग्रजी बोलण्यात जुनाट वाटतो, हेही यादी सांगत नाही.

वाक्प्रचाराचा अर्थ त्याच्या शब्दांत नसतो, ही व्याख्या प्रत्येक व्याकरणात सापडते. त्यापुढची पायरी मात्र सहसा गाठली जात नाही. तो अर्थ दुसऱ्या भाषेतील एखाद्या शब्दातही नसतो. कोण, कोणाला, कोणत्या नात्याने, कोणत्या वेळी व कोणत्या सुरात बोलतो, यांत तो असतो. मराठी कोशपरंपरेला ही जाण नव्हती असे नाही. मोल्सवर्थच्या कोशात (1831, सुधारित आवृत्ती 1857) शब्दाखाली त्याचे रूढ प्रयोग नोंदविलेले आहेत. आल्फ्रेड मॅन्वेरिंग यांनी 1899 मध्ये मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला, तेव्हा शेती, पशू, शरीराचे अवयव अशी विषयवार मांडणी केली. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश 1942 व 1947 मध्ये दोन भागांत आला. या ग्रंथांच्या वारसाने आजच्या वर्गात दोन रकान्यांची यादी शिल्लक राहावी, हे खेदजनक आहे.

येथे असा आक्षेप येईल की, परकी वाक्प्रचार मराठीत शब्दशः येऊन रुळल्याची उदाहरणे थोडी नाहीत. हा आक्षेप खरा आहे. 'हिरवा कंदील दाखवणे' आज कोणालाही परका वाटत नाही. मात्र तो केवळ पुस्तकातून आला नाही, आगगाडीबरोबर आला. भुसावळसारखे मोठे जंक्शन असलेल्या खानदेशात गार्डाच्या हातातील कंदील लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. 'गाडी रुळावर येणे' हेही त्याच वाटेने आले. याउलट 'हिमनगाचे टोक' हे वर्तमानपत्री मराठीत रोज दिसते. ते ज्या समुद्रातून आले तो समुद्र मराठी माणसाने पाहिलेला नाही. सततच्या वापराने तेही रुळले, हे मान्य केले पाहिजे. पण रुळलेल्या प्रत्येक वाक्प्रचाराने जागा कोणाची घेतली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. 'लाल फीत' किंवा 'लालफीतशाही' हा इंग्रजीचा अनुवाद सरसकट वापरला जात असताना 'दप्तर दिरंगाई' हा अस्सल कचेरीतला शब्द जिवंत राहिला, आणि महाराष्ट्रातील 2005 चा शासकीय विलंबाविषयीचा कायदा लोकांच्या तोंडी 'दप्तर दिरंगाई कायदा' म्हणूनच ओळखला जाऊ लागला. देशी शब्दाला प्रसंग मिळाला की तो अनुवादाला पुरून उरतो, एवढे यावरून दिसते.

भाषाशुद्धीच्या चळवळीचे या बाबतीत फारसे लक्ष गेले नाही. तिचा रोख मुख्यतः फारसी, अरबी व इंग्रजी शब्दांवर होता. माधव जूलियनांच्या 'भाषाशुद्धि-विवेक' (1938) या ग्रंथाच्या नावातच त्या काळच्या वादाची धग आहे. पण 'नक्राश्रू ढाळणे' किंवा 'हिमनगाचे टोक' यांत एकही परका शब्द नाही. शब्द सगळे संस्कृत वा मराठी, घडण मात्र इंग्रजी. शब्द गाळणाऱ्या चाळणीतून अशी रचना सहज खाली उतरते.

पिंपळनेरच्या वर्गात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. 'माले', 'तुले', 'शे' ही ज्याच्या घरची रूपे आहेत, त्या विद्यार्थ्याला यादीच्या उजव्या रकान्यातील प्रमाण मराठीही निम्मी शिकावी लागते. 'कच खाणे' हा 'टू गेट कोल्ड फीट' याचा मराठीतील नेमका जोडीदार. पण तो त्याच्या घरात बोलला जात नसेल, तर एक अपरिचित दुसऱ्या अपरिचिताने समजावला जातो. ग्रिअर्सनने 1907 मध्ये भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशीची नोंद भिल्ल भाषांबरोबर केली. मराठी अभ्यासक तिला मराठीची बोली मानत आले. हा वाद कसाही सुटो, 2011 च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषा सांगणारे सुमारे 18 लाख 60 हजार लोक आहेत. इतक्या लोकांच्या घरातील वाक्संप्रदाय इंग्रजीच्या वर्गात निरुपयोगी ठरवला जातो आणि मराठीच्या वर्गात 'ग्रामीण' म्हणून बाजूला ठेवला जातो. विद्यार्थी अडखळतो तेव्हा त्याची समज कच्ची मानली जाते; वस्तुतः त्याच्याकडे असलेली समज कोणी विचारलेलीच नसते.

उपाय खर्चिक नाही. यादी टाकून देण्याचीही गरज नाही. परीक्षा आहेत तोवर ती राहील. तिला तीन रकाने वाढवावेत : कोण कोणाला म्हणतो, कोणत्या प्रसंगी, आणि घरी अशा वेळी काय म्हणतात. पहिल्या दोन रकान्यांसाठी विद्यार्थ्यांकरिता केलेले इंग्रजी कोश पुरेसे आहेत. अनौपचारिक, विनोदी, जुनाट अशा खुणा त्यांत दिलेल्या असतात. अध्यापकाचे स्वतःचे इंग्रजी पुस्तकी असले तरी या खुणा वाचण्यास ते आड येत नाही. तिसरा रकाना मात्र विद्यार्थ्यानेच भरावयाचा आहे. एखाद्याने ठरलेल्या गोष्टीतून ऐनवेळी माघार घेतली, तर आजी काय म्हणते, हे त्याने घरी ऐकून, बोलणाऱ्याचे वय व प्रसंग यांसह टिपून आणावे. अहिराणी, भिल्ली, कोकणी, जी त्याची बोली असेल तीत. मराठी विभागांनी या टिपणांचा वर्षागणिक संग्रह केला, तर इंग्रजीच्या तासाच्या निमित्ताने खानदेशातील बोलींचा वाक्संप्रदाय कोश आकार घेऊ लागेल.

यात विलंब परवडणारा नाही. महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्या पिढीची मुले आता स्वतः शिक्षक होत आहेत. त्यांच्या कानावर इंग्रजी वाक्प्रचार लहानपणापासून पडले आहेत, पण आजीचे बोलणे पूर्वीइतके पडलेले नाही. मराठीला 2024 च्या ऑक्टोबरमध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद रास्त आहे. तो दर्जा प्राचीनतेला मिळाला. बोलींतील जिवंत प्रयोग टिपण्याचे काम मात्र दर्जाने होत नाही. ते साक्री तालुक्यातील एखाद्या ओसरीवर, म्हातारी माणसे बोलती असेपर्यंतच होऊ शकते.