गावठाण

नवी मुंबईत ‘गावठाण’ हा शब्द वारंवार कानी पडतो. जमिनीच्या कागदपत्रांतही ‘गावठाणाची हद्द’ असा उल्लेख असतो. हा शब्द जरा उकलून पाहू.

‘ठाण’ हा शब्द संस्कृतातील ‘स्थान’ या शब्दापासून आला. कोणी जागचा हलेनासा झाला, की तो ‘ठाण मांडून बसला’ असे आपण म्हणतो. ‘पोलीस ठाणे’ यातील ठाण्याचे मूळही तेच. शेतजमिनीहून वेगळी, गावाने घरे बांधून जेथे कायमची वस्ती केली, ती जागा म्हणजे गावठाण.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनासाठी ठरल्या. आगरी-कोळी कुटुंबांची भातशेती आणि मिठागरे गेली. उरले ते गावठाण. पुढे कुटुंबे वाढली, परंतु जागा वाढली नाही. तेथील गल्ल्या अरुंद दिसतात, त्या यामुळेच.

असे असता ‘तो गावठाणातला’ असे नाक मुरडून म्हणणे कितपत योग्य आहे? मला तर तो शब्दाचा आणि माणसांचाही अपमान वाटतो. वाशी, नेरूळ, तुर्भे, घणसोली ही मुळात गावांची नावे. शहराने शेते घेतली, तशी नावेही घेतली. उंच इमारतीत राहणाऱ्यालाही आपला पत्ता लिहिताना त्या गावाचेच नाव लिहावे लागते. म्हणून मुलांनो, ‘गावठाण’ हा शब्द उच्चाराल तेव्हा तो आदरानेच उच्चारा.