चावी खुंटीला, गाडी दारात



आज पिकाचं नाही, गाडीचं बोलायचं आहे. पण सुरुवात रानातूनच करते.

चार वर्षांमागं, दिवाळी झाल्यानंतरची गोष्ट. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. आमचे धाकटे भावजी हरभऱ्याची दारं धरायला गेले आणि बांधावर त्यांना घोणस डसली. गड्यानं हाक दिली, तसं आम्ही त्यांना बाजेवर घालून घरी आणलं. दारात जीप उभी, टाकीत डिझेल, चावी खुंटीला. पण घरात चालवणारे दोघंच. एक आमचे मालक, ते सोयाबीन घेऊन बाजार समितीत गेलेले. दुसरे खुद्द भावजी. रुग्णवाहिकेला फोन लावला, ती दुसऱ्या गावचा रुग्ण घेऊन गेली होती. साप डसलेल्या माणसाला हलू द्यायचं नसतं, त्याला मोटारसायकलवर कसं बसवायचं? शेवटी पलीकडच्या वस्तीवरून एका पोराला उठवून आणलं. ग्रामीण रुग्णालयात लस मिळाली, भावजी वाचले, आज पुन्हा दारं धरतात. पण मधला पाऊण तास मी खुंटीवरच्या चावीकडं बघत काढला.

दुसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, "मला गाडी शिकायची." कुणी नको म्हणालं नाही. सगळे म्हणाले, "शिक की, सवड झाली म्हणजे शिक."

आता तुम्हीच सांगा, शेतकऱ्याच्या घरात सवड कधी होते? पहाटे धारा, मग भाकरी, मग खुरपणी. मृगात पेरणी, श्रावणात तण, दसऱ्याला सोयाबीन, दिवाळीला रब्बी, उन्हाळ्यात लग्नं. सवडीची वाट बघत बसलं, तर जन्म जातो. आणि तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नसतो, हे त्या रात्री कळलं होतंच.

मग आम्ही हिशेब मांडला. ड्रायव्हिंग स्कूलसाठी १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम आहेत. त्यांत हलक्या गाडीच्या शिक्षणाला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास सांगितलेत. दहा तास म्हणजे अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस तुकडे. असा तुकडा तर रोजच्या कामात सापडतो! आमची जीप रोज सकाळी दूध घेऊन डेअरीला जाते. जाताना कॅन भरलेले, घाई असते. येताना कॅन रिकामे आणि रस्ताही रिकामा. ठरलं, परतीची गाडी माझी. वेगळी फेरी नाही आणि डिझेलही फार वाढलं नाही.

पण वाचकहो, खरी अडचण गाडीची नव्हती, चुलीची होती. मी डेअरीला गेले तर भाकरी कोण थापणार? सासूबाई म्हणाल्या, "महिनाभर मी थापते." थोरल्या पोरानं शेणघाण उचलली. बाईला सवड सापडत नाही, ती घरानं मिळून काढून द्यावी लागते. या लेखातलं एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलंत, तरी पुष्कळ झालं.

महिना आम्ही पौष धरला. रब्बी पेरून झालेली, पौषात लग्नं नसतात, ज्वारी हुरड्यात असते. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. पौषात काढला, तर पेरणीच्या आत सगळं उरकतं. जूनमध्ये काढाल, तर निम्मी मुदत चिखलात जाईल.

शिकाऊ परवान्याची परीक्षा आता आधार कार्डावर घरबसल्या सारथी संकेतस्थळावर देता येते. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचा दाखला लागतो, मला लागला. रस्त्यावर शिकताना शेजारी पक्का परवाना असलेला माणूस बसलाच पाहिजे आणि गाडीला पुढं-मागं पांढऱ्यावर लाल 'एल' हवा.

पहिले चार दिवस मी इंजिन बंद ठेवून नुसतं क्लच, ब्रेक, गिअर घोटलं. पाय न बघता पडायला लागल्यावर मोकळ्या रानात चालवली, मग रस्त्यावर. ओढ्याच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची, दोन काठ्यांमधून मागं घ्यायची, हे रोज. एकदा कडब्याच्या गंजीत घातली. मालक ओरडले, मीही ओरडले. त्यानंतर नियम केला, गाडीत ओरडायचं नाही. चुकलं तर गाडी थांबवून बोलायचं. शेवटी आठ दिवस अंधारात चालवली, कारण अडचण बहुधा रात्रीच येते.

पक्क्या परवान्याची परीक्षा आरटीओच्या तालुक्याच्या शिबिरात दिली. पहिल्या खेपेला मागं घेताना चुकले, नापास झाले. सात दिवसांनंतर पुन्हा देता येते, पण आमच्याकडं शिबिर महिन्यातून एकदाच. पुढच्या महिन्यात पास झाले. तेव्हा शिबिराच्या तारखा आधीच विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरात खूण करा.

आणि एक. बाईला सवड नाही म्हणून पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती चावी देऊ नका. मोटारीला आणि ट्रॅक्टरला अठरा वर्षं पुरी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनं अशा वेळी पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. विना परवाना गाडीचा अपघात झाला, तर विम्याचं ओझंही अंगावर येऊ शकतं.

आज रात्री जेवताना घरात विचारा, "आत्ता कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर गाडी कोण काढेल?" उत्तर एकाच माणसाचं आलं, तर दुसरं कुणाला शिकवायचं ते ताटावरच ठरवा आणि त्याचं कोणतं काम कोण उचलणार तेही ठरवा.

आमची चावी अजून त्याच खुंटीला असते. आता तिच्याकडं बघताना धडधडत नाही.