स्वमग्न मुलाची शाळा हाही युनियनचाच प्रश्न



युनियनच्या ऑफिसात येणारी गाऱ्हाणी ठरलेली असतात. प्रमोशन अडले, ओव्हरटाइम कापला, क्वार्टर गळते, चार्जशीट आली. ही गाऱ्हाणी घेऊन कामगार बेधडक येतो. पण एक गाऱ्हाणे तो आणतच नाही. घरातले मूल स्वमग्न आहे आणि शाळा त्याला ठेवून घेत नाही, हे त्याला चारचौघांत सांगवत नाही. सांगितलेच तर निघताना, दारात उभे राहून, हळू आवाजात. आमचे म्हणणे असे की हे गाऱ्हाणे दारात राहता कामा नये, ते टेबलावर आले पाहिजे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हे वेड नाही. आईच्या हयगयीचे ते फळ नाही, बाहेरची बाधा तर मुळीच नाही. मेंदूच्या वाढीतले ते वेगळेपण आहे आणि लहानपणापासूनच दिसू लागते. मूल उशिरा बोलते किंवा तेच तेच शब्द म्हणत राहते. हाक मारली तरी बघत नाही. गाडीचा भोंगा किंवा शाळेची घंटा ऐकली की कान झाकून घेते. रोजची वाट, रोजचे ताट, रोजची वेळ बदलली की त्याचा जीव कासावीस होतो. प्रत्येक मूल निराळे. काही जण पुढे चांगले शिकतात, काहींना जन्मभर आधार लागतो. पण लवकर ओळखून योग्य पद्धतीने शिकवले तर प्रत्येकाची काही ना काही प्रगती होतेच. मुलाबद्दल शंका आली तर जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते, तिथे तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून ही व्यवस्था उभी राहिली आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार झाले आणि स्वमग्नतेला त्यांत जागा मिळाली. हे सरकारच्या कृपेने झाले नाही. दिल्लीच्या मेरी बरुआ या एका स्वमग्न मुलाच्या आई. त्यांनी १९९१ साली 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था काढली. अशा पालकांनी संघटित होऊन वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कायद्यात हा शब्द आला. संघटनेशिवाय काही मिळत नाही, हे आपण वेगळ्या मैदानावर शिकलो, त्यांनी त्यांच्या मैदानावर.

२०१६ च्या कायद्याचे ३१ वे कलम सांगते की ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मग ते जवळच्या शाळेत असो वा विशेष शाळेत. निवड मुलाची, म्हणजे घरच्यांची. १६ वे कलम सांगते की सरकारी अनुदानाच्या वा मान्यतेच्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करावी. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेता येत नाही आणि प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही.

कागद एवढा भक्कम असताना मूल घरी का बसते? कारण नकार कधीच लेखी येत नाही. आमच्या शाखेतल्या एका ट्रॅकमनचा सात वर्षांचा मुलगा घ्या. शाळेने त्याच्या आईला तोंडी सांगितले, "तो वर्गात बसत नाही, बाकीचे पालक तक्रार करतात, दाखला घेऊन जा." बाप रोज पहाटे ट्रॅकवर, आई शाळेच्या व्हरांड्यात. दोघेही हात जोडत होते. आम्ही एका पानाचा अर्ज करून दिला. त्यात तीनच गोष्टी मागितल्या. मुलाला काढायचे असेल तर कोणत्या नियमाने, ते लेखी द्यावे. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाला बोलावून मुलाला नेमके काय लागते ते ठरवावे. तोवर मूल वर्गात बसेल. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिली आणि दोन्हीकडून पोच घेतली.

लेखी नकार आला नाही. विशेष शिक्षक मात्र आले. त्यांनी मुलाची जागा खिडकीपासून हलवून भिंतीकडे घेतली. दिवसभराच्या तासांची चित्रे काढून त्याच्या बाकावर लावली. मधल्या सुट्टीची घंटा होण्याआधी त्याला बाहेर न्यावे असे सांगितले. एवढ्यावर मूल वर्गात टिकले. सगळे सुरळीत झाले असा आमचा दावा नाही. अजूनही काही दिवस वाईट जातात. पण तो शाळेत जातो आणि आई व्हरांड्यात बसत नाही.

दुसऱ्याच वर्षी बापाचे नाव बदलीच्या यादीत लागले. शाळेचा प्रश्न इथे सरळ आपल्या सेवाशर्तींना येऊन भिडतो. सोलापूर डिव्हिजनमधला माणूस कलबुर्गीला जातो, भुसावळचा खंडव्याला, नागपूरचा आमल्याला. डिव्हिजन तीच, पण शाळेची भाषा बदलते. ज्या मुलाला मोठ्या कष्टाने मराठीतले चाळीस-पन्नास शब्द आले, त्याला कानडी किंवा हिंदी वर्गात बसवले की त्याची पाटी पुन्हा कोरी होते.

यावर उपाय आहे. कार्मिक विभागाने जून २०१४ मध्ये परिपत्रक काढले की दिव्यांग मुलाचा सांभाळ करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या फिरत्या बदल्यांतून वगळता येईल. अशा पालकाला बदलीमुळे स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागली तर मुलाच्या पुनर्वसनाचे नुकसान होईल, असे सरकारने त्यात स्वतःच मान्य केले आहे. ऑक्टोबर २०१८ च्या आदेशाने ही सवलत २०१६ च्या कायद्यातल्या दिव्यांगत्वांना जोडली. मात्र त्यात 'प्रशासकीय अडचणी नसतील तर' अशी पळवाट आहे. आमच्या ट्रॅकमनची बदली टळली, पण एका वर्षापुरतीच. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा फेऱ्या. ही सवलत साहेबांच्या मर्जीवर न ठेवता मुलाचे शालेय शिक्षण पुरे होईपर्यंत मिळाली पाहिजे, ही आमची पहिली मागणी.

पैशाचीही बाब आहे. बालशिक्षण भत्ता दिव्यांग मुलासाठी दुप्पट असतो. १ जानेवारी २०२४ पासून तो महिना ५,६२५ रुपये झाला. साध्या मुलासाठी वयाची मर्यादा २० वर्षे, दिव्यांग मुलासाठी २२. तरीही अनेक साथी साधाच दर घेतात, कारण प्रमाणपत्र काढलेले नसते किंवा सर्व्हिस रेकॉर्डला लावलेले नसते. हा आपला हक्काचा पैसा आहे, तो सोडू नका.

रजेचे तर विचारू नका. बालसंगोपन रजा ७३० दिवसांची आहे आणि ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी वयाची अट नाही. पण ती महिला कर्मचाऱ्यांना आणि एकट्याने मूल सांभाळणाऱ्या पुरुषांनाच मिळते. ट्रॅकमन, पॉइंट्समन, रनिंग स्टाफ, आर. एम. एस.मध्ये रात्रभर टपाल लावणारे सॉर्टर यांत पुरुषच जास्त. मुलाला आठवड्यातून एकदा तालुक्याला थेरपीसाठी न्यायचे तर बापाने रेस्ट मोडायची की सी. एल. संपवायची? दिव्यांग मुलाच्या बापालाही ही रजा मिळाली पाहिजे, ही दुसरी मागणी. आणि ग्रामीण डाक सेवकांना तर हे नियम तसेच्या तसे लागूच होत नाहीत. त्यांना यात घ्या, ही तिसरी.

काही साथी विचारतील, पेन्शन, खाजगीकरण, रिकाम्या जागा असे मोठे प्रश्न असताना हे कशाला? आमचे उत्तर असे. ज्या कामगाराला रोज दुपारी शाळेतून फोन येतो, त्याचे मन ड्यूटीवर कसे राहील? रुळावर आणि सिग्नलवर मन थाऱ्यावर नसण्याची किंमत काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. एका वर्गात चाळीस-पन्नास मुले, त्यात असे मूल कसे सांभाळायचे? हा आक्षेप खोटा नाही. शिक्षकही कामगारच आहे, आपली लढाई त्याच्याशी नाही. प्राथमिक शाळेत दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण ठरलेले आहे. राज्यांनी ही पदे जाहीर करून भरावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये बजावले. मंजूर पदे न भरता आहे त्या माणसांवर भार टाकायचा, हा रोग आपण आपल्या खात्यात रोज पाहतो. शाळेतही तोच आहे. म्हणून शिक्षक संघटनांच्या बरोबरीने विशेष शिक्षकांची भरती मागितली पाहिजे.

सर्वसाधारण शाळा बरी की विशेष शाळा, यावर युनियनने निवाडा देऊ नये. काही मुलांना एक मानवते, काहींना दुसरी. विशेष शाळा ही शिक्षा नव्हे आणि सर्वसाधारण शाळा हा उपकार नव्हे. निर्णय आई-बापांनी तज्ज्ञांना विचारून घ्यावा. तो दारातून हाकलल्यामुळे घ्यावा लागू नये, एवढे पाहणे आपले काम.

प्रत्येक शाखेने आता तीन गोष्टी कराव्यात. एका साथीवर ही जबाबदारी द्यावी. ज्या पालकांची इच्छा असेल त्यांचीच नोंद ठेवावी आणि ती गुप्त ठेवावी. प्रमाणपत्र, भत्ता आणि बदलीचा अर्ज हे तिन्ही कागद त्यांच्याकडून पुरे करून घ्यावेत. आणि पालक शाळेत जाईल तेव्हा त्याच्यासोबत युनियनचा एक माणूस जावा. चार्जशीटच्या चौकशीत आपण कामगाराला एकटे सोडत नाही. तिथे बचाव सहायक देतो. मुलाच्या शाळेच्या चौकशीतही त्याला एकटे सोडायचे कारण नाही.

बोलायचे ते लेखी बोला. पोच घ्या. आणि एकट्याने जाऊ नका.