वढूची अमावास्या आणि लंडनचा राज्याभिषेक

गेल्या वैशाखात मनमाडकडून येणाऱ्या आप्तांस उतरवून घेण्यासाठी आम्ही शिरूरहून दौंडास गेलो होतो. गाडीस दोन तास उशीर होता. फलाटावर पिकू लागलेल्या मिशांचे एक गृहस्थ पुढे आले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "गुरुजी, ओळखलंत का? माझ्या एका प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे राहिलं आहे."

प्रश्न आम्हांसही आठवत होता. पस्तीसएक वर्षांपूर्वी आम्ही वर्गात संभाजी महाराजांचा अंत शिकवीत असता हाच मुलगा उभा राहिला होता. "त्या वेळी विलायतेत काय चाललं होतं?" असे त्याने विचारले. "ते परीक्षेस नाही," असे म्हणून आम्ही त्यास खाली बसविले. खरे कारण निराळे होते. आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही असे चाळीस मुलांपुढे म्हणण्याचे धैर्य नव्हते. आम्ही हिंदुस्थानचा इतिहास एका वहीत लिहून देत होतो आणि युरोपचा दुसऱ्या वहीत. जणू दोन्हीकडे निरनिराळे सूर्य उगवत होते!

ते उत्तर त्या दिवशी फलाटावरील बाकावर बसून आम्ही दिले. वाचकांपैकी कोणाच्या घरी असा प्रश्न विचारणारे मूल असेल, म्हणून येथेही देतो.

महाराज १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरास मुकर्रबखानाच्या हाती सापडले. महिन्याच्या मध्यास त्यांना बहादुरगडास आणले. हे स्थळ म्हणजे श्रीगोंदे तालुक्यातील पेडगाव; दौंडाकडून जाता भीमेच्या पलतीरी पडते. बादशहाचा दूधभाऊ बहादुरखान याने बांधलेल्या त्या कोटात आज पडक्या भिंती आणि यादवकालीन लक्ष्मीनारायणाचे सुंदर देवालय पाहावयास मिळते. त्या ठिकाणी महाराज व कवी कलश यांना विदूषकाचा वेष घालून त्यांची धिंड काढली. पुढे छावणी तुळापुराकडे हलली आणि ११ मार्च रोजी, शके १६१० च्या फाल्गुन वद्य अमावास्येस, महाराजांचा वध झाला. दुसरे दिवशी वर्षप्रतिपदा होती. समाधी आमच्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक येथे आहे. कोरेगाव भीम्यापासून आत वळले की थोड्याच अंतरावर ती लागते.

आता लंडनकडे पाहू. तत्पूर्वी तारखांविषयी एक खुलासा केला पाहिजे. ११ मार्च ही तारीख इंग्रजांच्या त्या काळच्या जुन्या गणनेप्रमाणे आहे. आजच्या गणनेने ती २१ मार्च होते. पुढील लंडनच्या तारखाही त्याच जुन्या गणनेच्या असल्याने त्या एकमेकींशेजारी ठेवण्यास हरकत नाही.

बहादुरगडावर धिंड निघाली त्याच आठवड्यात, १३ फेब्रुवारी रोजी, व्हाइटहॉल राजवाड्यातील मेजवानीच्या दिवाणखान्यात विल्यम व मेरी या दांपत्यापुढे पार्लमेंटाने हक्कांचा जाहीरनामा वाचून दाखविला. मेरीचा बाप, दुसरा जेम्स राजा, डिसेंबरातच फ्रान्सला पळून गेला होता. जाहीरनाम्याचा आशय असा, की पार्लमेंटाच्या संमतीवाचून राजाने कर घेऊ नये, कायदा तहकूब करू नये, शांततेच्या काळी खडे सैन्य बाळगू नये. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचा कायदा झाला.

त्या दिवाणखान्याचे छत पाहण्यासारखे आहे म्हणतात. रुबेन्स या थोर चित्रकाराने पहिल्या जेम्स राजाचे गुणगान त्यावर रंगविले असून राजा स्वर्गास चालला आहे आणि त्याची सत्ता ईश्वरदत्त आहे असा त्याचा भाव आहे. चित्रे करवून घेतली जेम्सचा पुत्र पहिला चार्ल्स याने. तोच चार्ल्स ३० जानेवारी १६४९ रोजी त्याच छताखालून चालत बाहेरील वधस्तंभाकडे गेला. आणि चाळीस वर्षांनी त्याच छताखाली नव्या राजास मर्यादा वाचून दाखविल्या! चित्रकाराच्या कुंचल्याचा एवढा उपहास इतिहासाने क्वचितच केला असेल.

ज्या सभेने हे केले तीत केंब्रिज विद्यापीठाचा एक प्रतिनिधी होता आयझॅक न्यूटन. गुरुत्वाकर्षणाचा त्याचा लॅटिन ग्रंथ दोनच वर्षांपूर्वी, १६८७ मध्ये, हॅली या ज्योतिषज्ञाच्या खर्चाने छापून निघाला होता.

राज्याभिषेक झाला ११ एप्रिल रोजी. वढूच्या अमावास्येनंतर बरोबर एक महिन्याने! वेस्टमिन्स्टरच्या देवळात ऑर्गन वाजविणारा हेन्री पर्सेल हा तेव्हा तिशीच्या आतला होता. समारंभ पाहू इच्छिणाऱ्यांस त्याने आपल्या ऑर्गनच्या सज्जात पैसे घेऊन बसविले, आणि ते पैसे मठाच्या अधिकाऱ्यांनी त्याच्याकडून मागून घेतले. कलावंत आणि हिशेब यांचे वाकडे सर्वत्रच. याच पर्सेलचे 'डायडो आणि इनियस' हे संगीत नाटक त्याच वर्षी चेल्सी येथील मुलींच्या एका शाळेत झाले.

येथवर ऐकून आमचे विद्यार्थी म्हणाले, "म्हणजे तिकडे उजेड आणि इकडे अंधार, असंच ना?"

आम्ही नाही म्हटले. त्याच मार्चात फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्याने ऱ्हाइनच्या खोऱ्यातील हायडेलबर्ग व मानहाइम ही शहरे उद्ध्वस्त केली आणि मेअखेर स्पायर व वर्म्स जाळली. इंग्लंडातील नवा सहिष्णुतेचा कायदा कॅथलिकांस लागू नव्हता. आणि ज्या इंग्रजांनी घरी राजास बांधले, त्यांचीच कंपनी मुंबईस सिद्दी याकूतखानाच्या वेढ्यात किल्ल्याच्या भिंतीआड अडकली होती. अखेर तिचे वकील औरंगजेबापुढे क्षमायाचना करीत उभे राहिले आणि दीड लाख रुपये दंड भरून १६९० साली सुटले. त्या वर्षी मराठे आणि इंग्रज एकाच माणसाच्या टाचेखाली होते, ही गोष्ट आमच्या दोन वह्यांत कधी एकत्र आलीच नाही.

बुद्धीचे म्हणाल तर तीही इकडे कमी नव्हती. गोदातीरीच्या गोलग्राम येथील घराण्यातले कमलाकर ज्योतिषी यांनी १६५८ मध्ये काशीस 'सिद्धान्ततत्त्वविवेक' रचला, आणि समरकंदच्या उलूगबेगाचे गणित घेण्यास त्यांना संकोच वाटला नाही. त्याच शतकात अहोबल पंडितांनी 'संगीतपारिजातां'त वीणेच्या तारेची लांबी मोजून स्वरस्थाने सांगितली; तिकडे मेर्सेन नामक फ्रेंच पाद्री तारेच्या कंपनाचे नियम १६३६ मध्ये मांडून गेला होता. प्रश्न पुढचा आहे. न्यूटनचे पुस्तक छापले गेले आणि त्यावर देशोदेशी वाद झाले. कमलाकरांची पोथी शिष्य नकलून घेतील तेवढीच फिरली. वास्तविक छापखाना गोव्यात १५५६ पासून होता. सुरतेच्या भीमजी पारेख या व्यापाऱ्याने तर आपली शास्त्रे छापावी म्हणून कंपनीकडून १६७४ मध्ये एक इंग्रज मुद्रकही आणविला. तो व्यापारी होता. आमच्या शास्त्रीपंडितांपैकी कोणास हे का सुचले नाही, हे आम्हां संस्कृत शिकलेल्यांस टोचले पाहिजे.

राज्याचेही तसेच. सिंहासन इकडेही रिते झाले. रायगड त्याच वर्षी पडला. येसूबाई आणि बाल शाहू शत्रूच्या हाती गेले. राजाराम महाराज वेष पालटून जिंजीस पोहोचले, आणि रामचंद्रपंत अमात्य, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांनी राज्य तगविले. राजा दूर असता रयतेने व सरदारांनी राज्य सांभाळावे, ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या मते पार्लमेंटाच्या पराक्रमाहून ती तसूभरही उणी नाही. परंतु ती निष्ठा टिकविण्यास वतनांच्या सनदा वाटाव्या लागल्या. लंडनातील कागदाने राजास बांधले, आणि इकडील कागदांनी राज्य वाटले गेले.

पुढे अमात्यांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी विवेचन आहे. हे नुसते सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी राजे आहेत, हे त्यांनी अचूक ओळखले. ते राजे स्वतः कशाने बांधले गेले आहेत, हे पाहण्यास मात्र येथून कोणी गेले नाही.

विद्यार्थी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोन्हीकडचे लोक कुठे भेटलेच नाहीत का?"

जिंजीजवळ भेटले, आम्ही सांगितले. तेगनापट्टणचा किल्ला राजाराम महाराजांकडून इंग्रजांनी १६९० मध्ये विकत घेतला. सोबत तोफेचा गोळा जाईल तेथवरची गावे, असा करार होता. इंग्रजांनी अर्थातच चांगली तोफ आणि चांगला गोलंदाज निवडला. आणि त्याच्या आदल्याच डिसेंबरात, जिंजीपासून सुमारे ७० किलोमीटरवर पुदुच्चेरीस, रिशो नावाचा एक फ्रेंच पाद्री दुर्बिणीतून धूमकेतू पाहत होता. पाहता पाहता त्यास आढळले, की नरतुरंगातील मित्र तारा एक नसून दोन आहेत. महाराज किल्ल्यात नुकतेच येऊन पोहोचले होते. त्यांच्या डोक्यावरही तोच तारा होता.

"तो इथून दिसतो?"

वैशाखात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेस क्षितिजालगत दिसतो, आम्ही म्हणालो. दोघेही उठून फलाटाच्या टोकापर्यंत गेलो. रुळांवरच्या दिव्यांच्या झगमगाटात काही दिसले नाही. "रविवारी वढूस जाऊ गुरुजी, तिकडे अंधार असतो," असे ते म्हणत होते, तोच मनमाडची गाडी आली.