आधी भोक, मग सुनावणी

आसामातल्या मागुरी-मोटापुंग बीलवर, म्हणजे पाणथळ तळ्यावर, मँडरिन बदक आलं, निसर्ग सावरला, आता तरी गप्प बसा, असं ऐकवणारे हल्ली भेटतात. फेब्रुवारी 2021 मध्ये हा रंगीत पाहुणा शंभराहून अधिक वर्षांनी आसामात दिसला, हे खरं. त्याआधीच्या वर्षी याच बीलमध्ये मेलेले मासे आणि एक मेलेला नदीडॉल्फिन सापडला होता, हेही खरं. बदकाच्या फोटोवर मासेमाराचं घर चालत नाही.

बागजानला काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. 27 मे 2020. टाळेबंदी. तिनसुकिया जिल्ह्यात, या बीलच्या शेजारी, बागजानच्या पाच नंबरच्या वायूविहिरीची दुरुस्ती चालू असताना स्फोट झाला. जवळजवळ चार किलोमीटर खोलीवरचा वायू आणि त्याच्याबरोबरचं पातळ तेल उसळून चहाच्या मळ्यांवर, सुपारीच्या बागांवर, पाण्यावर पडत राहिलं. 9 जूनला आग लागली. अग्निशमन दलाचे दोन जवान गेले, हजारो माणसं छावण्यांत गेली. विहीर कायमची शांत करायचं यंत्र कॅनडाहून आणावं लागलं. याच जिल्ह्यातल्या दिग्बोईला 1889 पासून तेल काढतायत, 1901 पासून तिथं रिफायनरी आहे. सव्वाशे वर्षांच्या अनुभवाची ही तयारी!

पण आमचा राग एका विहिरीवर नाही, गावाला न विचारण्याच्या सवलतीवर आहे. स्फोटाच्या चारच महिने आधी, 16 जानेवारी 2020 रोजी, पर्यावरण मंजुरीचा नियम बदलला. तेल-वायूच्या शोधासाठी खोदायच्या विहिरी, जमिनीवरच्या आणि समुद्रातल्याही, ‘ब-2’ गटात टाकल्या. त्यामुळे पर्यावरणावरच्या परिणामांचा सविस्तर अहवाल नको आणि जनसुनावणीही नको. बागजान जळत असतानाही ही सवलत जागची हलली नाही.

यावर पहिलं उत्तर येतं ते असं: बागजानची विहीर जुनी, उत्पादनातली, तिचा या सवलतीशी संबंध नाही. अगदी बरोबर. जिच्या पोटातला दाब माहीत होता, जिच्यातून वर्षानुवर्षं वायू निघत होता, तिनं हे केलं. शोधविहीर म्हणजे जिथला दाब अजून कुणालाच माहीत नाही तिथं घुसणं. आणि नेमकी तीच सुनावणीतून मोकळी! हा हिशेब ज्यानं मांडला त्याला एकदा बागजानच्या छावणीत झोपवायला हवं होतं.

मग म्हणतात, अहो, उत्पादन सुरू करताना सुनावणी आहेच की. असेल. पण तोवर रस्ता झालेला असतो, भराव पडलेला असतो, कोट्यवधी रुपये जमिनीत गेलेले असतात. त्या दिवशी मांडवात उठून ‘नको’ म्हणणाऱ्याला काय किंमत? लग्न लागल्यावर मुलीची पसंती विचारण्यातला प्रकार.

सुनावणीत वेळ जातो, हा लाडका आक्षेप. नियमानं सुनावणीला मुदत किती? 45 दिवस. बागजानची विहीर शांत व्हायला किती लागले? 172. घाई कुणाला होती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आणि ‘गावकऱ्यांना त्यातलं काय कळतं?’ हे तर आपण कोकणात जैतापूरच्या अणुप्रकल्पापासून ऐकतोय. ड्रिलिंगचं कळत नसेल. पण पुरात कोणता रस्ता बुडतो, पाणी कुठून कुठं जातं, मासा अंडी घालायला कधी वर येतो, हे बीलवरच्या माणसाला विचारूनच कळतं. बऱ्याच सुनावण्या म्हणजे पोलीस बंदोबस्तातलं नाटक, हे आम्हीही पाहिलंय. तरी त्या नाटकाचं चित्रीकरण करावं लागतं. लोकांनी काय मांडलं ते शेवटी तिथंच, त्यांच्याच भाषेत वाचून दाखवावं लागतं. कंपनीला प्रत्येक हरकतीला उत्तर द्यावं लागतं. पुढे कोर्टात उभं राहायला गरीब माणसाच्या हातात एवढाच कागद असतो. नेमका तोच कागद जन्मालाच येऊ नये, अशी ही व्यवस्था.

‘देशाला तेल हवं ना?’ हवंच. आपण 80 टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो, ते आम्हाला शिकवायला नको. पण गावाला न विचारल्यानं जमिनीतलं तेल थेंबभरही वाढत नाही.

मागणी एकच: 16 जानेवारी 2020 ची सवलत रद्द करा. कोकणातल्या मच्छीमार सोसायट्यांनी आणि ग्रामसभांनी तसे ठराव करून दिल्लीला पाठवावेत. आसाम लांब आहे म्हणून थांबू नका. समुद्रातल्या शोधविहिरीही याच सवलतीत बसवल्यात. उद्या आपल्या पट्ट्यात विहीर खोदायची ठरली तर आधी कुणी विचारायला येणार नाही. थेट रिग उभी राहिलेली दिसेल.