कागद खरा की सर्व्हर?



प्रोटोकॉलचा दस्तऐवज प्रमाण, सर्व्हर वेगळा वागला तर दोष त्याचाच, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला अजिबात पटले नाही. विंडोजमधला फाइल-शेअरिंगचा एसएमबी प्रोटोकॉलच पाहा. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२च्या सुमारास हाच प्रोटोकॉल बोलणाऱ्या सांबा या मुक्त सॉफ्टवेअरचा पाया घातला तो नेटवर्कवरची पॅकेट्स वाचून, सर्व्हरचे वागणे निरखून. युरोपीय आयोगाचा मायक्रोसॉफ्टविरुद्धचा २००४चा आदेश आणि २००७चा न्यायालयीन निकाल यांनंतर कुठे मायक्रोसॉफ्टची प्रोटोकॉलविषयीची कागदपत्रे सांबाला मिळाली. आणि त्याच कागदपत्रांच्या परिशिष्टात विंडोजच्या कोणत्या आवृत्त्या कुठे वेगळ्या वागतात याच्या लांबलचक नोंदी आहेत! जगभरची कार्यालये त्या वागण्यावर विसंबून असताना ते दोष म्हणून मोडीत कसे काढणार? विसंगती दिसली की चाचणी लिहावी, चालत्या सर्व्हरवर ताडून पाहावी आणि दस्तऐवज दुरुस्त करून घ्यावा. सांबाची मंडळी हेच करत आली आहेत.

– एक वाचक